घरचा गारवा आणि जगाचे इंधन

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दर वर्षी वर्धापनदिनाला माझी जागा चहाच्या कपांजवळ असते. यंदा अध्यक्षीणबाईंनी मला तिथून उठवून इथे उभे केले आहे. "जगाची इंधनाची भूक" हा विषयही त्यांनीच दिला. मी म्हटले, बाई, माझे शिक्षण सातवीपर्यंत, एवढा मोठा विषय मला कसा झेपणार? त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी एसीवरून जे भांडण झाले तेवढेच सांगा, म्हणजे विषय आपोआप आलाच." घरातले भांडण चारचौघींत सांगू नये हे मला कळते, तरी सांगते. भांडणातली दुसरी बाजू, म्हणजे माझी मुलगी, मागच्या रांगेत बसली आहे. आकडे तिने कागदावर लिहून दिले आहेत. माझे चुकले तर ती तिथूनच ओरडेल.

२०२४ चा मे महिना अकोल्यातले कोणी विसरायचे नाही. पारा पंचेचाळीसच्या वर गेला होता आणि शेवटी उन्हामुळे जिल्ह्यात १४४ कलम लावावे लागले. दंग्याधोप्यासाठी असलेले कलम उन्हासाठी लागलेले मी जन्मात पहिल्यांदा पाहिले. आम्ही राहतो वरच्या मजल्यावर, डोक्यावर उघडा स्लॅब. दिवसभर तो तापे आणि रात्रभर आम्हाला भाजे. कूलर होता, त्याला वाळ्याच्या नव्या ताट्याही घातल्या होत्या. पण कूलर पाणी पितो, आणि आमच्या गल्लीत नळ यायचा चार दिवसांआड. साठवलेले पाणी माणसांना द्यायचे की कूलरला, असा रोजचा प्रश्न.

आमच्या सासूबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर. एका रात्री दोनच्या सुमाराला त्या भलतेच काही बोलू लागल्या. अंगाला हात लावला तर तव्यासारखे, आणि घामाचा थेंब नाही. त्यांना दवाखान्यात नेले. चार दिवस सलाइन लावावे लागले. डॉक्टर म्हणाले, नुसते दिवसाचेच ऊन लागते असे नाही. रात्री शरीराला विसावा मिळाला नाही तर म्हाताऱ्या माणसाचे काही खरे नसते. ह्यांनी दालमिलमधून उचल घेतली आणि सासूबाई घरी येण्याच्या आदल्या दिवशी एसी बसवला.

मुलगी तेव्हा बी. एस्सी. च्या दुसऱ्या वर्षाला होती. भिंतीवरच्या यंत्राकडे पाहून ती म्हणाली, "आई, हा चालू झाला की पारसला कोळसा जास्त जळणार. त्याचा वायू वर जाणार आणि पुढचे उन्हाळे आणखी तापणार." माझ्या हातात लाटणे होते. मी म्हटले, "मग आजीला मरू द्यायचं का?" ती रडली, नंतर मीही रडले. दोन दिवस मायलेकींचा अबोला चालला. सासूबाई मात्र गार खोलीत महिन्याभरात पहिल्यांदा शांत झोपल्या होत्या.

शेगावला दर्शनाला जाताना गाडीतून पारसची धुराडी आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. तिथे अडीचशे मेगावॅटचे दोन संच आहेत, कोळशावर चालणारे. माझ्या बहिणीचा मुलगा तिथे कंत्राटी कामावर आहे. इतकी वर्षे मी ती धुराडी पाहून एवढेच मनात आणी, की पोराला काम आहे, देव ते टिकवो. आपल्या पंख्याचा आणि त्या धुराचा काही संबंध असेल हे डोक्यातच आले नव्हते.

अबोला सुटल्यावर मी मुलीला म्हटले, आता मला कळेल असे सांग. तेव्हा तिने आधी एका बाईची गोष्ट सांगितली, आणि ती मी आपल्या मंडळासाठी मुद्दाम लक्षात ठेवली आहे. अमेरिकेत युनिस फूट नावाच्या एक बाई होत्या. १८५६ साली त्यांनी काचेच्या दोन नळ्या घेतल्या आणि प्रत्येकीत उष्णतामापक ठेवला. एकीत साधी हवा ठेवली, दुसरीत कार्बन डायऑक्साइड भरला, आणि दोन्ही उन्हात मांडल्या. दुसरी नळी जास्त तापली, आणि सावलीत आणल्यावर निवायलाही तिला पुष्कळ जास्त वेळ लागला. हवेत हा वायू वाढला तर पृथ्वी अधिक उष्ण होईल, असे त्यांनी त्यावरून लिहून ठेवले. त्याच साली आल्बनी येथे विद्वानांची मोठी सभा भरली. तिथे त्यांचा निबंध वाचला तो जोसेफ हेन्री या गृहस्थांनी. बाईंनी स्वतः वाचला नाही. तीन वर्षांनी जॉन टिंडल यांनी अधिक चांगली यंत्रे घेऊन असेच काम केले, आणि शास्त्राच्या पुस्तकांत नाव राहिले ते त्यांचे. फूटबाई दीडशे वर्षे विस्मरणात होत्या. २०११ साली एका अभ्यासकाने त्यांचा निबंध पुन्हा उजेडात आणला. याच बाईंची सही १८४८ च्या सेनेका फॉल्स येथील स्त्रियांच्या हक्कांच्या जाहीरनाम्यावरही आहे. आज मी स्वतः इथे उभी राहून वाचते आहे, तेव्हा त्यांची आठवण काढल्यावाचून राहवत नाही.

हा वायू करतो काय, तर तो पृथ्वीवरची गोधडी आहे. उन्हाला तो आत येऊ देतो, पण जमिनीतून बाहेर पडणारी ऊब अडवून धरतो. गोधडी मुळीच नसती तर आपण गोठून गेलो असतो. अडचण एकीवर दुसरी आणि दुसरीवर तिसरी घातल्याने झाली आहे. कारखाने निघण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर १९५८ साली मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५ च्या आसपास भरले, आणि २०२४ साली ४२० च्या वर गेले होते. चुलीचा धूर दोन दिवसांत विरतो. हा वायू मात्र शेकडो वर्षे रेंगाळतो, म्हणून आजोबांनी जाळलेला कोळसाही आजच्या हिशेबात धरावा लागतो.

मला वजनाचा हिशेब समजतो, म्हणून मी विचारले, आपल्या गॅसच्या सिलिंडरातून हा वायू किती निघतो? सिलिंडरात गॅस असतो १४.२ किलो. तो जळून जो वायू होतो तो भरतो सुमारे ४२ किलो. मी म्हटले, काहीतरी चुकते आहे, चौदाचे बेचाळीस कसे होतील? ती म्हणाली, डाळ भिजत घातली की वजन वाढते ना, तसेच हे. जळताना इंधनातला कार्बन हवेतला प्राणवायू ओढून घेतो. बारा ग्रॅम कार्बनाचा चव्वेचाळीस ग्रॅम वायू होतो. डोळ्यांना दिसत नाही म्हणून आपल्याला वजन वाटत नाही एवढेच.

मग एसीचा हिशेब केला. आपल्या देशातल्या विजेची सरासरी काढली तर एका युनिटामागे सुमारे सातशे ग्रॅम वायू पडतो. पहिल्या उन्हाळ्यात आमचा एसी रात्रीत आठ युनिट खाई. महिन्याचे झाले २४० युनिट, म्हणजे १६८ किलो वायू, म्हणजे चार सिलिंडर! आमच्या घरी सहा माणसांच्या स्वयंपाकाला एक सिलिंडर दीड महिना पुरतो. म्हणजे एका खोलीच्या एका महिन्याच्या गारव्याला सहा महिन्यांच्या स्वयंपाकाइतका वायू. हे ऐकून मी मुलीला काही बोलले नाही. उठून भाजी चिरायला बसले.

पण भाजी चिरता चिरता मला माझी आई आठवली. आमच्या माहेरी चूल. पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या हे आमचे जळण. पावसाळ्यात पऱ्हाटी ओली झाली की आई फुंकणीने फुंकून फुंकून लाल होई. डोळ्यांतून पाणी गळे आणि आम्ही म्हणत असू, आईला कांदा लागला. चाळिशीतच तिला कायमचा खोकला जडला आणि त्या खोकल्यानेच ती गेली. बिडी तिने कधी ओढली नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुराने जगात एका वर्षात सुमारे ३२ लाख माणसे अकाली जातात, आणि अजून दोनशे कोटींच्या वर माणसे अशाच धुराच्या जळणावर स्वयंपाक करतात. तेव्हा इंधनाची भूक वाढली म्हणजे वाईटच झाले, असे कोणी मला सांगू नये. माझ्या आईच्या हातात गॅसची कळ आली असती तर जगाची भूक तेवढी वाढलीच असती, आणि ती वाढायलाच हवी होती.

मुलीला मी हे सांगितले. ती म्हणाली, "आई, हे मला मान्य आहे. पण एक गंमत बघ." गंमत अशी, की माझी समजूत होती, घरात जसे होते तसेच जगात झाले असेल. माझ्या घरात लग्नानंतर रॉकेलचा स्टोव्ह होता, पुढे गॅस आला आणि स्टोव्ह माळ्यावर गेला. तसेच जगात लाकूड जाऊन कोळसा आला असेल आणि कोळसा जाऊन तेल. प्रत्यक्षात काहीच गेले नाही. नवे आले ते जुन्याच्या शेजारी पेटले. २०२४ साली जगाने जितका कोळसा जाळला तितका त्याआधी कोणत्याही एका वर्षात जाळला नव्हता. १९५० साली कोळसा, तेल आणि गॅस यांपासून जगात सुमारे सहाशे कोटी टन वायू निघाला होता, २०२४ साली तो ३७०० कोटी टनांवर गेला. या काळात माणसे सव्वातीन पट झाली, वायू सहा पट झाला. लांबचे कशाला, माझ्या माहेरी २०१७ साली उज्ज्वला योजनेतून गॅस आला तरी वहिनी अंघोळीचे पाणी आणि भाकरी अजून चुलीवरच करते. भरलेला सिलिंडर ती पाहुण्यांसाठी राखून ठेवते. तिला दोष कसा देणार? पऱ्हाटी फुकट आहे.

काटकसरीबद्दलही माझी अशीच समजूत होती. यंत्र कमी खाणारे आणले की खप कमी होईल असे मी धरून चालले होते. विल्यम स्टॅनली जेव्हन्स या इंग्रजाने १८६५ साली कोळशावर पुस्तक लिहिले. वाफेची यंत्रे जसजशी कमी कोळशात चालू लागली तसतसा देशात कोळसा जास्तच लागू लागला, असे त्यात दाखवले आहे. स्वस्त पडते म्हटल्यावर जो तो यंत्र बसवतो. मला हे पटेना. मग मी घरातले दिवे मोजले. माझे लग्न झाले तेव्हा घरात साठ वॅटचे दोन बल्ब होते, आणि एक विझवल्याशिवाय दुसरा लावायचा नाही असा मामंजींचा दंडक. आता एलईडीचे तेरा दिवे आहेत. त्यांतला एक देव्हाऱ्यात रात्रंदिवस जळतो, कारण तो "काहीच खात नाही."

आता एसीचे पुढे काय होणार ते पाहा. ३० मे २०२४ ला देशाची विजेची मागणी अडीच लाख मेगावॅटला पोचली. तोपर्यंतचा तो उच्चांक होता. त्यात दीड किलोवॅट आमचे होते! आपल्याकडे शंभरातल्या जेमतेम दहा घरांत एसी आहे. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१८ साली अंदाज केला की तेव्हा जगात जे १६० कोटी एसी होते ते २०५० पर्यंत ५६० कोटी होतील, आणि त्यांतले शंभर कोटींहून अधिक एकट्या भारतात असतील. हा अंदाज मला मुळीच फुगवलेला वाटत नाही. आमच्या एका गल्लीत २०२४ च्या एका उन्हाळ्यात सात आले.

इथे माझा थोडा राग आहे, तो बोलून दाखवते. वर्षाला माणशी वायू अमेरिकेत सुमारे चौदा टन पडतो, चीनमध्ये आठाच्या वर, साऱ्या जगाची सरासरी पावणेपाचाच्या आसपास, आणि भारतात दोन टन. तो शेकडो वर्षे टिकतो म्हणून मागची बाकी काढली, तर आजवरच्या एकूण वायूतला सुमारे चौथा हिस्सा अमेरिकेच्या नावावर निघतो. आमच्या सासूबाईंच्या खोलीतले यंत्र आणि बारा महिने घरभर चालणारी गरम-गार यंत्रे एकाच तराजूत कशी घालायची? ज्यांनी आधी पोटभर जेवून घेतले त्यांनी उशिरा आलेल्याला डाएट शिकवू नये. असे मी तावातावाने म्हटले तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, "आई, तुझा हिशेब बरोबर आहे. पण भारताची बेरीज आज जगात तिसरी आहे. आणि ऊन कुणाचा हिशेब बघून पडत नाही, ते अकोल्यातच पडतं." यावर मला उत्तर सुचले नाही, अजूनही सुचलेले नाही.

आपल्या सरकारने २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत २०७० पर्यंत हा हिशेब शून्यावर आणण्याचे सांगितले आहे. तेव्हा मी नव्वदीच्या घरात असेन, म्हणजे आज सासूबाई आहेत त्याहूनही म्हातारी. त्या साली मे महिन्यात माझ्या खोलीत काय चालू असेल आणि ते कशावर चालत असेल, हा विचार एकदा डोक्यात शिरला की झोप लागत नाही.

आम्ही घरी जे केले ते फार थोडे आहे. पहिल्या वर्षी आम्ही एसी वीसवर ठेवत होतो, कारण दुकानदाराने तसाच लावून दाखवला होता. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असे कळल्यावर सव्वीसवर आणला आणि पंखा जोडीला लावला. सासूबाई म्हणाल्या, बरे झाले, माझे गुडघे आखडत होते. स्लॅबवर चुन्याचे दोन हात दिले. एवढ्याने २०२५ च्या उन्हाळ्यात आठ युनिटांचे साडेपाच झाले. बिल उतरलेले पाहून हे म्हणाले, "मग दुपारी पण लावत जा." जेव्हन्ससाहेब आमच्या घरात शिरले ते असे. त्यावरही वाद झाला, पण तो लहान होता.

मोठा वाद आहे तो सूर्याच्या विजेचा. २०१० ते २०२० या दहा वर्षांत सौर पॅनेलांची किंमत जवळजवळ नव्वद टक्क्यांनी उतरली. २०२४ साली निघालेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. आपल्या विदर्भात ऊन हे एकच पीक असे आहे की ते कधी बुडत नाही. पण देशातल्या चार युनिटांपैकी सुमारे तीन युनिट वीज २०२४ सालीही कोळशाचीच होती, आणि त्याचे एक कारण मला माझ्याच घरात दिसते. पॅनेल वीज देणार दुपारी, आणि सासूबाईंना एसी लागणार रात्री. दिवसाची वीज रात्रीसाठी साठवायची बॅटरी आमच्या ऐपतीबाहेरची आहे. तोवर रात्रीचा भार पारससारख्या ठिकाणांवरच पडणार. माझ्या भाच्याची नोकरी त्यात टिकते, म्हणून मला बरेही वाटते. हे दोन्ही माझ्या मनात एकाच वेळी असते, ते लपवण्यात अर्थ नाही.

तरीसुद्धा पॅनेल बसवावे असे माझे मत झाले आहे. दुपारची वीज वरच्या वायरीत गेली तर तेवढा कोळसा त्या वेळेपुरता वाचेल. अडचण एवढीच की स्लॅब आम्हा दोन्ही भावांच्या सामाईक मालकीचा आहे, आणि आमच्या जाऊबाईंच्या कुरडया, पापड आणि सांडगे याच स्लॅबवर वाळतात. त्यांच्या पापडांची कीर्ती मी तुम्हाला सांगायला नको. मंडळाच्या विक्रीत निम्मे तेच असतात. पॅनेलांना तीनशे चौरस फूट लागतात. त्या म्हणतात, तुमच्या सासूबाईंच्या गारव्यासाठी माझा धंदा बसवू काय? सासूबाई त्यांच्याही आहेत, हे मी त्यांना म्हटले नाही. त्या समोरच बसल्या आहेत म्हणून आज म्हणते. पॅनेल उंच लोखंडी सांगाड्यावर चढवले तर खाली वाळवण घालता येईल का, आणि त्या सावलीत पापड वाळतील का, हे कारागीर येऊन पाहून जाणार आहे. सांगाड्याचा खर्च वेगळा. कागदावर दोघा भावांच्या सह्या लागतात आणि दीर जाऊबाईंच्या शब्दाबाहेर नाहीत.

अध्यक्षीणबाईंनी दोनदा घड्याळ पाहिले. येत्या मंगळवारी भजनानंतर माझी मुलगी इथे थांबणार आहे. ज्यांना आपल्या घराचा हिशेब सिलिंडरांत काढून हवा असेल त्यांनी मे महिन्याचे विजेचे बिल सोबत आणावे.  आता मला कपांकडे जाऊ द्या, चहा उकळून काळा होत असेल.